भांडी घासायची रीत

आमचा वर्ग हिंगण्याला भरतो. वेळ संध्याकाळी सातची. पण बाया येतात साडेसातला, कोणी आठला. आम्ही एकदा विचारले, "रोज उशीर काहून होतो?" सगळ्यांचे उत्तर एकच. "भांडी राहिली होती, ताई."

मग आम्ही फळ्यावर तोच शब्द लिहिला. भांडी. भ ला काना, वर टिंब, ड ला दुसरी वेलांटी. लिहून झाले, वाचून झाले. तेवढ्यात कोण कशी भांडी घासते याची गोष्ट निघाली, आणि वर्गात जे भांडण लागले ते नऊ वाजले तरी मिटेना. भांडी आणि भांडण, दोन्ही शब्द त्या दिवशी पाठ झाले.

एक आजी म्हणाल्या, "राखेसारखं दुसरं काही नाही. साबणाचा वास ताटाले येते." गोंदियाकडून आलेली एक बाई म्हणाली, "आमच्याकडं धानाच्या तणसाची गुंडाळी करतात, तिले राख लावून घासतात." तिसरी तरुण सूनबाई. तिच्या घरी गॅस आहे, नळ आहे. ती म्हणाली, "राख आणू कुठून? मी साबणाची वडी अन् हिरवी घासणी घेतो." एकीची आई चिंचेशिवाय पितळेला हात लावू देत नसे. आणि एक जण हळूच म्हणाली, "आम्ही नदीवर जात होतो, तेव्हा काठचीच माती घ्यायची."

प्रत्येकीला आपलीच रीत खरी वाटत होती. यात खरे कोण? पाहू या.

आधी राख. लाकडाच्या राखेत खार असतो. भांड्याला तेलातुपाचा ओशटपणा असतो. खार आणि तेल एकत्र आले, पाणी मिळाले आणि चोळले, की त्यातल्या काही तेलाचा साबणच होतो. पूर्वी साबण करणारे लोकही लाकडाची राख पाण्यात भिजवून तिचा खार काढत. म्हणजे आजीबाई साबणाला नावे ठेवत होत्या, पण जन्मभर आपल्या हाताने ताटावर साबणच करत होत्या! हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "मंग माहं काय चुकलं?" असे म्हणाल्या. काही चुकले नाही.

पण राख कोणती, ते पाहावे. राख लाकडाची किंवा गोवरीची असावी, चाळलेली असावी. दगडी कोळशाच्या राखेत तसा खार नसतो, आणि नको असलेली द्रव्ये असू शकतात. ती भांड्याला लावू नये. चुलीत प्लास्टिकच्या पन्न्या, रबर, रंगवलेले लाकूड जाळले असेल तर तीही राख नको. उकिरड्याच्या बाजूची किंवा नदीकाठची माती तर मुळीच नको. जिथे माणसे आणि ढोरे बाहेर बसतात, तिथल्या मातीत जंताची अंडी असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. भांडे चकचकीत दिसते आणि लेकराचे पोट दुखू लागते.

आता चिंच. पितळ किंवा तांबे हवेत काळे पडते. हा काळेपणा तेलाचा नव्हे, धातूवर आलेल्या पुटाचा असतो. त्याला खार उपयोगी नाही, आंबट पाहिजे. चिंच, लिंबू, आंबट ताक यांतल्या आंबटपणाने ते पूट विरघळते. म्हणून पितळेला चिंच आणि ओशटाला राख. दोन्ही बाया खऱ्या होत्या. त्या वेगवेगळ्या मळाविषयी बोलत होत्या, एवढेच.

पितळ म्हटले की आपल्या बाजूला भंडारा आठवतो. भंडाऱ्याची पितळेची भांडी नावाजलेली. ज्यांच्या घरी जुना पितळी गुंड किंवा गंज आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. जे आंबट पितळेचा काळेपणा काढते, तेच आंबट पितळेत शिजवले तर पितळेला खाते आणि अन्नात उतरते. कढी हिरवट होते, ताक कळकते. असे अन्न खाऊन ओकाऱ्या होतात. त्यासाठीच कल्हई असते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून पुसतो आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवतो. कल्हई उडाली, आतून लाल-पिवळे दिसू लागले, की त्यात शिजवणे थांबवावे. आता कल्हईवाले फार कमी फिरतात. म्हणून आम्ही म्हणतो, तसे भांडे पाण्यालाच ठेवा.

जर्मनच्या भांड्याची गोष्ट उलटी आहे. ज्याला आपण जर्मन म्हणतो ते ॲल्युमिनियम. त्याला खार सोसत नाही. राखेने किंवा सोड्याने ते काळवंडते. त्याला सौम्य साबण बरा, आणि काळे पडले तर चिंचेचे पाणी उकळून घ्यावे. लोखंडी तव्याला पाणी सोसत नाही. घासून झाल्याबरोबर पुसून, जरा तापवून, तेलाचा हात फिरवला तर गंज चढत नाही. स्टीलला मात्र काहीही चालते. तारेच्या घासणीने चरे पडतात, चऱ्यांत मळ बसतो, इतकेच.

आता साबणाची वडी आणि नळ. हे आम्हाला जास्त सांगायचे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर पुष्कळ घरी गॅस गेला. धूर गेला, फार चांगले झाले. पण चूल गेली तशी राखही गेली. मग वडी आली. वडीचा फेस निघायला पाणी जास्त लागते, आणि नळ हाताशी असला की तो बंद करायचे सुचत नाही. पूर्वी पाणी डोक्यावरून आणायचे होते, तेव्हा कोणाला काटकसर शिकवावी लागत नव्हती. मान दुखली की ती आपोआप येई.

वर्गात आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. बादली १५ लिटरची. समजा, तुमच्या नळाने ती २ मिनिटांत भरते. भांडी घासताना नळ १० मिनिटे चालू राहिला. तर किती पाणी गेले? ५ बादल्या, म्हणजे ७५ लिटर. आणि हे एका वेळचे! जल जीवन मिशन ही सरकारची योजना २०१९ साली निघाली. तिच्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. दोन वेळची भांडी नळाखाली घासली, तर त्यातले १५० लिटर नुसत्या भांड्यांवर गेले. उरले १२५. त्यात पाचही जणांनी पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, संडास करावा.

ही काही आपल्याच बायांची खोड नव्हे. जर्मनीत बॉन नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात वीसेक वर्षांपूर्वी एक गंमतीची पाहणी झाली. युरोपातल्या निरनिराळ्या देशांतली शंभराहून जास्त माणसे बोलावली. प्रत्येकाला बारा जणांची सारखीच खरकटी भांडी दिली आणि सांगितले, घरी घासता तशी घासा. सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी लागले. पण जर्मन लोकांनी ५० लिटरच्या आत काम उरकले, आणि स्पेन-पोर्तुगालच्या लोकांना दीडशेच्या वर लागले. भांडी तीच, मळ तोच. फरक फक्त रीतीचा. कोणी टाकीत पाणी साठवून त्यात धुतले, कोणी नळाखाली. जास्त पाणी वापरणाऱ्यांची भांडी जास्त स्वच्छ निघाली, असेही झाले नाही.

दूर कशाला जायचे? राजस्थानच्या वाळवंटात पाण्याची इतकी टंचाई, की तिथल्या बाया कोरड्या वाळूने भांडी घासतात. आणि २०१९ च्या जुलैत आपल्या नागपूर शहरात धरणातले पाणी आटले म्हणून नळ दिवसाआड येऊ लागला होता. हिंगण्याच्या ज्या मुली शहरात नांदतात, त्यांना ते दिवस आठवत असतील.

मग करावे काय? आमच्या वर्गातल्या एका मावशीची रीत आम्हाला पसंत पडली. त्या आधी खरकटे काढून ढोराच्या टोपल्यात टाकतात. करपलेले भांडे जेवणाआधीच भिजत घालतात, म्हणजे ते खरवडताना दम लागत नाही. मग पेले आणि दुधाची भांडी आधी, त्यानंतर ताटवाट्या, सर्वांत शेवटी कढई आणि तवा. ओशट भांडे आधी घेतले तर घासणी ओशट होते आणि दुधाच्या पातेल्याला तेल लागते. घासलेली सगळी भांडी एकीकडे रचतात. दोन घमेल्यांत पाणी घेतात. पहिल्यात फेस जातो, दुसऱ्यात भांडे निर्मळ होते. पहिले पाणी गढूळ झाले की ते फेकून दुसरे त्याच्या जागी सरकवतात आणि नवे घेतात. पाणी ओततात परसातल्या केळीला. राखेचे पाणी केळीला चालते. साबणाचे फार झाले तर नालीतच जाऊ द्यावे, पण नाली वाहती पाहिजे. दाराशी डबके साचले तर डास होतात.

भांडी विसळून झाली की टोपलीत पालथी घालून उन्हात ठेवावी. आपल्या नागपूरकडचे ऊन इतर कशाला उपयोगी पडो न पडो, भांडी वाळवायला फार चांगले! पाणी निथळले, भांडे कोरडे झाले, की रोगजंतूंना वाढायला ओल उरत नाही. लुगड्याच्या पदराने पुसू नये. त्याच पदराने आपण लेकराचे नाक पुसलेले असते.

एवढे सांगून आम्ही थांबणार होतो. पण वर्ग संपताना एक बाई म्हणाली, "ताई, कशी घासायची ते सांगितलं. कोणी घासायची ते नाही सांगितलं."

खरे आहे. ते आम्ही विसरलो होतो. उशीर त्यामुळेच तर होतो.

आपल्या शेजारी वर्धा. तिथे सेवाग्राम आश्रम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते, १९४० पासून सेवाग्राम झाले. आश्रमाचा नियम असा, की जेवलेल्याने आपले ताट आपण घासावे. मग तो पुरुष असो, पाहुणा असो. हा नियम गांधीजींनी फार आधी, १९१० साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर घातला होता. तिथे आपापले ताट ज्याने त्याने घासायचे आणि स्वयंपाकाची मोठी भांडी पाळीपाळीने. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा, १८७६ ते १९५६, यांना तर घर ना दार. एक गाडगे, त्यातच भाकर खायची आणि तेच आपल्या हाताने धुऊन घ्यायचे.

घरी परत जाऊन दोघीतिघींनी ही गोष्ट सांगून पाहिली. एकीचा नवरा म्हणाला, "मी काय महात्मा आहो?" एकीच्या मुलाने मात्र ताट उचलले, पण आजीने त्याच्या हातातून ते काढून घेतले. "पोरानं उष्टी काढायची? लोकं काय म्हणतील?" तिसरीच्या घरी सासरे स्वतःचा पेला विसळू लागले आहेत. एक पेला. ती आता पावणेआठला येते.

आणखी एक बाई आमच्या वर्गात येते. ती नागपुरात चार घरी भांडी घासते. त्या दिवशी ती सर्वांत मागे बसली होती आणि काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. म्हणाली, "एका घरी मले चहा देतात. पण माहा कप वेगळा आहे, कान तुटलेला. खिडकीत ठेवतात. पिऊन झाला की मीच विसळून खिडकीत ठेवतो. माह्या हातची घासलेली ताटं त्यायले चालतात. मंग माह्या ओठाचा कप काहून चालत नाही?"

आम्ही तिला कायदा वाचून दाखवला. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद झाली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला, १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्यात भांड्यांचेही लिहिले आहे. अस्पृश्यता पाळून हॉटेलात, धर्मशाळेत सर्वांसाठी ठेवलेली भांडी कोणाला वापरू दिली नाहीत, तर तो गुन्हा आहे. तिने नीट ऐकले. मग विचारले, "अन् घरातल्या कपाचं?" ते कलम हॉटेल आणि धर्मशाळेपुरते आहे, असे आम्हाला सांगावे लागले.

वर्गातल्या इतर बायाही ऐकत होत्या. मजुराचा पेला गोठ्यात वेगळा ठेवणारी घरे हिंगण्यातही आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या रात्री भांडण झाले नाही. कोणीच कोणाकडे पाहत नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला विचारले, पुढे काय झाले? ती म्हणाली, काम सोडले नाही, पैसे वेळेवर मिळतात. चहा मात्र सोडला. त्या मालकिणीने विचारले, "चहा काहून नाही घेत?" तेव्हा हिने सांगितले, "बाई, तो कप मले घासाले जड जाते."