डॉक्टरकीपलीकडची वाट : कर्करोग-संशोधनातील कारकीर्द

नीटचा निकाल लागला, की नाशिकच्या कॉलेज रोडवर प्रवेशाच्या चौकशीसाठी फिरणाऱ्या पालकांच्या मुद्रेवर एकच विवंचना दिसते : वैद्यकीयची जागा हुकली, तर जीवशास्त्राची मनापासून आवड असलेल्या आपल्या मुलाचे किंवा मुलीचे पुढे होणार काय? या विवंचनेला आपल्याच मुलखात एक जुना दाखला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविणारे दिनकर समर्थ यांचीही आपल्या मुलीने डॉक्टर व्हावे अशीच इच्छा होती. परंतु १९१७ साली जन्मलेल्या त्या मुलीने, म्हणजे पुढे कमल रणदिवे या नावाने ख्यात झालेल्या विदुषीने, जीवशास्त्राचीच कास धरली, मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, आणि अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातून परतल्यावर इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

शरीराबाहेर जिवंत पेशी जोपासण्याची तीच विद्या आज इम्युनोथेरपी व जनुकोपचार यांच्या मुळाशी आहे. कार-टी या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांत नवे जनुक घालतात, त्यायोगे कर्कपेशी ओळखण्यास समर्थ झालेल्या त्या पेशींची संख्या प्रयोगशाळेत वाढवितात, आणि अखेर त्या त्याच रुग्णाच्या शिरेतून परत देतात. हे काम करणाऱ्याला निर्जंतुक पोशाख चढवून, प्रत्येक टप्प्याची वेळ व सही नोंदवीत, तासन्‌तास हात स्थिर ठेवावा लागतो. कारण एवढ्याशा जंतुसंसर्गानेही तयार पेशींची सबंध पिशवी बाद होते, आणि ती ज्याच्यासाठी बनत असते, त्या रुग्णापाशी दुसरी पिशवी तयार होईपर्यंत अवधी असेलच असे नाही.

याच उपचाराचे देशी उदाहरण पाहा : आय.आय.टी. मुंबईचे प्रा. राहुल पुरवार २०१३ साली अमेरिकेतून परतले. टाटा मेमोरियलचे डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांच्या सहकार्याने त्यांनी घडविलेली ‘नेक्सकार१९’ ही कार-टी उपचारपद्धती २०२१ साली पहिल्या रुग्णास दिली गेली, आणि सरकारी मंजुरी २०२३ च्या ऑक्टोबरात मिळाली. परदेशाच्या मानाने तिचा खर्च सुमारे एक-दशांश आहे, तरी सामान्य कुटुंबास तोही भारीच. म्हणजे पुढच्या पिढीच्या संशोधकांसाठी काम पुष्कळ शिल्लक आहे. पालकांनी ध्यानी घ्यावी ती गोष्ट मात्र परतण्यापासून मंजुरीपर्यंत लागलेल्या या दहा वर्षांच्या मुदतीची : या क्षेत्रात बुद्धीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, चिकाटीची परीक्षा होते.

मार्ग असा आहे. नाशिकच्या आर. वाय. के. वा के. टी. एच. एम. यांसारख्या महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्‌सी. करावी, अथवा स्वतंत्र प्रवेशपरीक्षा देऊन पुण्याच्या आयसरमध्ये जावे; एम.एस्‌सी.नंतर नेटची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे-भत्ता निराळा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधन संस्थेत पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात, व त्यानंतर बहुधा परगावी वा परदेशी दोन-चार वर्षांची उमेदवारी. प्राध्यापकांच्या व शास्त्रज्ञांच्या कायम जागा थोड्या असतात, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. तथापि पेशी-उत्पादन, गुणवत्ता-तपासणी, रुग्ण-चाचण्यांचे व्यवस्थापन आणि औषध-नियमन या खात्यांतही याच शिक्षणाला मागणी आहे. एम.बी.बी.एस. वा बी.फार्म. झालेल्यांनाही हे दार बंद नाही.

निर्णय घेण्यापूर्वी एक तजवीज अवश्य करावी. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करून, किंवा आपल्याच प्राध्यापकांना विनंती करून, विद्यार्थ्याने पदवीच्या काळात दोन महिने प्रयोगशाळेत काढावेत, आणि फसलेल्या प्रयोगानंतर दुसऱ्या सकाळी आपल्याला पुन्हा तेथे जावेसे वाटते की नाही, हे स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे. वाटत नसेल, तर दुसरी वाट धरण्यात कमीपणा नाही. वाटत असेल, तर आईवडिलांनी फीची तरतूद करावीच, परंतु त्याहून अवघड अशी एक गोष्ट पतकरावी : मुलगा वा मुलगी तिशीला टेकेपर्यंत ‘अजून शिकतोच आहे का?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला आपण स्वतःच शांतपणे उत्तर द्यावे.