मोडेम सांपडत नाहीं तेव्हां

दूरध्वनीची जुनी तार मनुष्याचा आवाज वाहून नेण्यासाठीं केलेली. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोनच खुणांची. या खुणांचे सूर करून ते तारेवर सोडणें आणि पलीकडून आलेल्या सुरांच्या पुन्हां खुणा करणें, हें काम जें उपकरण करितें त्यास मोडेम म्हणतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेटची सेवा सुरू केली, तेव्हां मुंबईसारख्या शहरांतील ग्राहक याच उपकरणाच्या साहाय्यानें, नंबर फिरवून इंटरनेटशीं जोडले जात असत. ती रीत आतां मागें पडली आहे. अमेरिकेंतील एओएल या प्रसिद्ध कंपनीनेंही आपली तशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली.

तथापि मोडेम नाहींसा झालेला नाहीं. त्यानें केवळ रूप पालटलें आहे. आपल्या हातांतील मोबाइलमध्यें तो आहे; संगणकास लावावयाच्या डोंगलमध्यें तो आहे. १ डिसेंबर २०१६ रोजीं मुरबाड तालुक्यांतील आपलें धसई हें राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून जाहीर झालें व येथील दुकानदारांच्या हातीं कार्ड घासण्याचीं यंत्रें आलीं, हें पालकांस स्मरत असेल. अशा यंत्रांपैकीं जीं सिम कार्डावर चालतात, त्यांच्या पोटांतही लहानसा मोडेमच असतो. तो बोलेनासा झाला म्हणजे दुकानांत गिऱ्हाईक उभें राहतें व दुकानदार हताश होऊन यंत्र बाजूस ठेवितो.

संगणकाच्या पडद्यावर ‘मोडेम सांपडला नाहीं’ असा मजकूर आला कीं, ‘मोडेम बिघडला’ असा अर्थ बहुतेक लोक घेतात. मग तो पिशवींत घालून कल्याणचा बाजार गांठावयाचा आणि नवा विकत घ्यावयाचा, हा ठरलेला मार्ग. परंतु ‘सांपडला नाहीं’ आणि ‘बिघडला’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नव्हे. या दोहोंमधील अंतर समजावून घेणें, हाच या पाठाचा हेतु आहे. उदाहरणासाठीं आपण लिनक्स ही संगणकप्रणाली घेऊं. १९९१ सालीं फिनलंडमध्यें लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ती आरंभिली व जगभरच्या जाणत्यांनीं ती वाढविली. ती विनामूल्य मिळते, जुन्या संगणकांवरही चालते आणि आपल्या पोटांत काय चाललें आहे तें लपवून ठेवीत नाहीं. म्हणून शिकणारास ती विशेष उपयोगी आहे.

१. शोध कसा होतो?

वर्गांत शिक्षक हजेरी घेतात, त्या रीतीचें येथें स्मरण ठेवावें. संगणक चालू होतांच प्रणालीचें मुख्य अंग, ज्यास कर्नल म्हणतात, तें जोडलेल्या उपकरणांची नोंद करितें. आंतल्या पट्टीवर बसविलेलें कार्ड असो वा यूएसबीचें डोंगल असो, प्रत्येकाजवळ दोन क्रमांक असतात : एक कारखानदाराचा व दुसरा मालाचा. ते वाचून कर्नल त्यास ओळखतें. जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टची गोष्ट निराळी. तेथें कर्नलला केवळ दार दिसतें. दाराबाहेर कोण उभें आहे तें दिसत नाहीं. लिनक्समध्यें या दारांस ‘टीटीवायएस-शून्य’, ‘टीटीवायएस-एक’ अशीं नांवें आहेत. विंडोज प्रणालींत त्यांसच ‘कॉम-एक’, ‘कॉम-दोन’ म्हणतात.

दाराबाहेर कोण आहे हें विचारूनच कळावयाचें. त्यासाठीं ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ नांवाचा एक छोटा प्रोग्राम आहे. तो एकेका दारापाशीं जाऊन ‘एटी’ हीं दोन अक्षरें पाठवितो. ‘लक्ष द्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं हीं आद्याक्षरें होत. अमेरिकेंतील हेज कंपनीनें १९८१ सालच्या आपल्या मोडेममध्यें हा संकेत योजिला व पुढें सर्वांनींच तो उचलला. मोडेम जागा असल्यास ‘ओके’ असें उत्तर देतो. उत्तर आलें कीं प्रोग्राम त्या दाराचें नांव व वेग एका फाइलींत लिहून ठेवितो. स्वयंचलित शोध म्हणतात तो एवढाच : एक प्रश्न आणि एक उत्तर.

२. उत्तर न येण्याचीं कारणें

हजेरींत नांव पुकारल्यावर ‘हजर’ असा शब्द आला नाहीं, तर मुलगा गैरहजर असेल. किंवा त्यास ऐकूं आलें नसेल. किंवा त्याच वेळीं दुसरा कोणी त्याच्याशीं बोलत असेल. किंवा शिक्षकांची भाषाच त्यास कळत नसेल. मोडेमचेंही तसेंच आहे. हीं कारणें सोप्यापासून कठीणाकडे, अशा क्रमानें पाहावीं.

(अ) मोडेम खरोखरच गैरहजर आहे. बाहेरच्या मोडेमला वीज पोहोंचते कीं नाहीं, त्याचे दिवे लागतात कीं नाहीं, तें प्रथम पाहावें. केबल घट्ट बसली आहे काय? ती मोडेमचीच केबल आहे काय? दोन संगणक परस्परांस जोडण्याची जी केबल असते तिच्या तारा आंतून उलट जोडलेल्या असतात. ती दिसावयास सारखीच, परंतु मोडेमला चालत नाहीं. संगणकाच्या प्रारंभिक मांडणींत, म्हणजे बायोसमध्यें, सीरियल पोर्ट बंद केलेला असला तरीही हाच प्रकार घडतो. आंतील कार्डासाठीं ‘एलएसपीसीआय’ व यूएसबीसाठीं ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा दिल्यास, कर्नलला काय काय दिसतें त्याची यादी मिळते. यादींत नांव असेल तर उपकरण हजर आहे, एवढें निश्चित झालें.

(आ) दोघांस एकच घंटा. संगणकाचें लक्ष वेधण्यासाठीं प्रत्येक पोर्टला एक रेषा नेमून दिलेली असते. ती घंटेसारखी समजावी. जुन्या संगणकांत पहिल्या व तिसऱ्या पोर्टला चौथ्या क्रमांकाची, आणि दुसऱ्या व चौथ्या पोर्टला तिसऱ्या क्रमांकाची रेषा असे. पहिल्या पोर्टला एक उपकरण व तिसऱ्यावर मोडेमचें जुनें कार्ड असलें कीं दोघांची घंटा एक होई, आणि मोडेम फार मंद चाले किंवा मुळींच उत्तर देत नसे. अशा वेळीं कार्डावरील लहान खुंटी हलवून त्यास निराळी रेषा द्यावी व ‘सेटसीरियल’ या आज्ञेनें ती लिनक्सला कळवावी.

(इ) विचारणारास अधिकार नाहीं. लिनक्समध्यें प्रत्येक दारास पहारा असतो. साधारण वापरणाऱ्यास मोडेमच्या दाराशीं जाण्याची मुभा नसली तर शोध निष्फळ होतो. पुष्कळ लिनक्स प्रणालींत ‘डायलआउट’ नांवाचा एक गट असतो. त्या गटांत आपलें नांव घालून, एकदां बाहेर पडून पुन्हां प्रवेश केला म्हणजे हा अडथळा दूर होतो. मोडेम विकत आणून जी अडचण सुटणार नाहीं, ती येथें एका ओळीनें सुटते.

(ई) दुसरा कोणी आधींच बोलत आहे. एका दाराशीं एका वेळीं एकानेंच बोलावें असा नियम आहे. अलीकडच्या प्रणालींत ‘मोडेममॅनेजर’ नांवाचा प्रोग्राम आपण होऊन मोडेमची चौकशी करीत असतो; त्याच वेळीं आपणही विचारूं लागलों तर उत्तरांचा गोंधळ होतो. तो प्रोग्राम क्षणभर थांबवून पुन्हां विचारून पाहावें.

(उ) मोडेमला भाषाच येत नाहीं. हें कारण सर्वांत फसवें. १९९० नंतरच्या दशकांत मोडेम स्वस्त करण्यासाठीं कारखानदारांनीं त्यांतील महत्त्वाचे भाग काढून टाकिले आणि तें काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोंपविलें. हें काम करणारा प्रोग्राम बहुधा विंडोजपुरताच दिलेला असे, म्हणून अशा कार्डांस विनमोडेम हें नांव पडलें. लिनक्सनें ‘एटी’ म्हटलें तरी तें समजून उत्तर देणारा भाग त्या कार्डांत नसतोच. कार्ड धडधाकट, दार उघडें, तरीही शांतता! ल्युसेंट, स्मार्टलिंक, कोनेक्संट यांच्या कांहीं चिपांकरितां पुढें लिनक्ससाठींही प्रोग्राम निघाले. ‘स्कॅनमोडेम’ नांवाचें साधन कार्डावरील चिप ओळखून कोणता प्रोग्राम लागेल तें सुचवीत असे. जेथें तसा प्रोग्राम नाहीं, तेथें बाहेरचा सीरियल मोडेम जोडणें हाच शहाणपणाचा उपाय होय.

(ऊ) मोडेमनें सोंग घेतलें आहे. यूएसबीचीं पुष्कळ डोंगलें जोडल्याबरोबर आपण मोडेम आहों असें सांगत नाहींत. सीडी आहों असें सांगतात. विंडोजवर लागणारा प्रोग्राम त्या खोट्या सीडींत ठेविलेला असतो. लिनक्सवर ‘यूएसबी-मोडस्विच’ नांवाचा प्रोग्राम त्यास खूण करितो, तेव्हां सोंग उतरतें व ‘टीटीवाययूएसबी-शून्य’, ‘एक’, ‘दोन’ अशीं कित्येक दारें एकदम उघडतात. त्यांतील सगळींच बोलणारीं नसतात. कांहीं कारखान्यांतील तपासणीपुरतीं असतात. एक दार मुकें निघालें म्हणून निराश न होतां पुढचें ठोठवावें.

३. सांपडला, पण जोडला जात नाहीं

शोध लागणें व जोडणी होणें या दोन निराळ्या पायऱ्या आहेत; त्यांची गल्लत करूं नये. नंबर फिरविल्यावर ‘डायल टोन नाहीं’ असें उत्तर आलें, तर मोडेम ठीक असून तार मृत आहे, किंवा आपल्या एक्स्चेंजचा सूर त्यास ओळखतां येत नाहीं. तार जिवंत आहे कीं नाहीं तें साधा टेलिफोन लावून ऐकावें. जिवंत असल्यास ‘एटीएक्स-तीन’ ही आज्ञा द्यावी. मग मोडेम सुराची वाट न पाहतां नंबर फिरवितो. जुन्या एक्स्चेंजसाठीं सुरांऐवजीं ठोक्यांनीं नंबर फिरविण्याची ‘एटीडीपी’ ही आज्ञा असे. ‘कॅरियर नाहीं’ असें उत्तर आलें, तर पलीकडचा मोडेम भेटला नाहीं किंवा मध्येंच सुटला, असें समजावें. अशीं उत्तरें येणें ही एका अर्थीं सुवार्ताच. कारण जो उत्तर देतो तो जिवंत आहे.

४. शोधकाची शिस्त

या सर्व कारणांपेक्षां महत्त्वाची गोष्ट म्हणजे शोधण्याची रीत. पहिला नियम : एका वेळीं एकच बदल करावा. केबल, पोर्ट व प्रोग्राम हीं तिन्ही एकदम बदललीं आणि काम झालें, तर दोष कोठें होता तें कधींच कळणार नाहीं. दुसरा नियम : काय केलें व काय उत्तर आलें तें वहींत शब्दशः टिपावें. ‘चाललें नाहीं’ ही नोंद नव्हे. तिसरा नियम : यंत्रानें केलेल्या शोधावर न विसंबतां आपण स्वतः विचारून पाहावें. ‘मिनिकॉम’ नांवाच्या प्रोग्रामनें दार उघडावें, ‘एटी’ हीं अक्षरें आपल्या हातानें लिहावीं आणि ‘ओके’ येतें काय तें पाहावें. चौथा नियम : कर्नलची रोजनिशी वाचावी. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली कीं उपकरण जोडतांक्षणीं काय घडलें त्याची ओळ न् ओळ दिसते. पांचवा नियम : शक्य असेल तर तेंच उपकरण दुसऱ्या संगणकास लावून पाहावें. तेथें तें बोललें, तर दोष उपकरणाचा नव्हे.

पालकांस येथें एक विनंती आहे. घरीं बंद पडलेलें डोंगल किंवा जुना संगणक असेल, तर तो भंगारांत देण्यापूर्वीं मुलांस आठवडाभर हाताळूं द्यावा. वीज, केबल, परवानगी, प्रोग्राम हा क्रम पाळूनही यंत्र मुकेंच राहिलें, तर खुशाल नवें आणावें. तेव्हां आपण नेमकें काय विकत घेत आहों हें तरी ठाऊक असेल. परीक्षेचा अर्ज किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं जोडणी तुटली, तर दुसऱ्या गांवीं धांव घेण्याआधीं दहा मिनिटें शांतपणें शोध करणारा मुलगा किंवा मुलगी घरांत असणें, हें नव्या यंत्राहून अधिक मोलाचें आहे.

मुलांनो, जें उत्तर देत नाहीं तें निकामी, असा निर्णय घाईनें करूं नका. प्रश्न योग्य दारीं विचारला काय, योग्य भाषेंत विचारला काय आणि विचारण्याचा अधिकार आपणांस होता काय, हें आधीं पाहा. वर्गांत मागच्या बांकावर गप्प बसणाऱ्या सोबत्याविषयीं मत बनवितांनाही हीच रीत कामीं येईल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ‘मोडेम सांपडला नाहीं’ व ‘मोडेम बिघडला’ या वाक्यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. विनमोडेम धडधाकट असूनही ‘एटी’ या प्रश्नास उत्तर कां देत नाहीं?
३. ‘डायल टोन नाहीं’ हें उत्तर आल्यास मोडेमविषयीं कोणती गोष्ट सिद्ध होते?
४. घरांतील एखादें बंद उपकरण घ्या; एका वेळीं एकच बदल करून त्याचा शोध करा व सर्व नोंदी वहींत लिहून वर्गांत दाखवा.