संकेतस्थळाचा साज : कळंबच्या निमित्ताने

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती, कोणी मागण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. ग्रामपंचायतही यास अपवाद नाही. कार्यालयातील फलक गावात असणाऱ्याने वाचावा. नोकरीनिमित्त पुण्यास वा चाकणला गेलेल्या ग्रामस्थास तो दिसणार कसा? पुणे-नाशिक महामार्गावरील आंबेगाव तालुक्यातील कळंबसारख्या गावास स्वतःचे साधे संकेतस्थळ किती उपयोगी पडू शकेल, हे यावरून ध्यानी येते.

अशा कामी ‘स्थिर’ संकेतस्थळ सोयीचे. यात माहितीसाठा व पाने जुळविणारा कार्यक्रम सर्व्हरवर सतत चालू ठेवावा लागत नाही. मजकूर साध्या फाइलींत लिहावयाचा, आणि संगणकावरील जनित्राने त्यांची तयार पाने एकदाच करून द्यावयाची. जेकिल हे असे जनित्र २००८ मध्ये, तर ह्यूगो २०१३ मध्ये आले. दोन्ही विनामूल्य आहेत. ऑनलाइन अर्ज वा करभरणा मात्र यातून होत नाही. त्यासाठी ‘आपले सरकार’सारख्या सेवेचा दुवा द्यावा.

मजकूर आपला, पण त्याची मांडणी थीम ठरविते. थीम म्हणजे पानांचा साज. ह्यूगोमध्ये ती बसविणे अवघड नाही. निवडलेल्या थीमचे फोल्डर ‘थीम्स’ या फोल्डरात ठेवावे आणि त्याचेच नाव मांडणी-फाइलीत ‘थीम’ या शब्दापुढे लिहावे. ही नावे रोमन लिपीत टंकावयाची असल्याने एका अक्षराचा फरकही चालत नाही. थीमला ह्यूगोची किमान कोणती आवृत्ती लागते आणि ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती लागते काय, हे आधी पाहावे. त्यानंतर संगणकावरच चाचणी-दर्शन सुरू करून पाने तपासावीत.

खरी कसोटी पुढे आहे. साज आपल्याजोगा करताना थीमच्या मूळ फाइलीतच फेरफार करण्याचा मोह होतो. तो टाळावा. थीमची नवी आवृत्ती आली की त्या फेरफारांवर पाणी पडते, आणि ज्याने ते केले तो कर्मचारी तोवर बदलून गेलेला असतो! ह्यूगोने यावर चांगली तोड ठेवली आहे. बदलावयाची फाइल तेवढी थीममधून उचलून आपल्या ‘लेआउट्स’ फोल्डरात, त्याच उपफोल्डरात व त्याच नावाने ठेवावी. जनित्र आधी आपली फाइल पाहते. ती नसेल तरच थीमची घेते. आपण बदललेल्या फाइली कोणत्या, हे नव्या माणसास एका दृष्टिक्षेपात कळते.

उदाहरणार्थ, जुन्नर-आंबेगाव परिसरात बिबट्याचा वावर ही नेहमीची चिंता आहे. रात्री शेतात पाणी द्यावयास निघालेल्या माणसास सूचना पहिल्याच पानाच्या माथ्यावर दिसावयास हवी. त्यासाठी मुखपृष्ठाची फाइल वरील रीतीने आणून तीत सूचनेची पट्टी घालावी आणि मजकूर मांडणी-फाइलीतील एका ओळीतून यावा अशी योजना करावी. ओळ भरली तर पट्टी दिसेल, रिकामी ठेवली तर दिसणार नाही. ती ओळ एखादा शिक्षकही बदलू शकेल. नंतर पाने पुन्हा तयार करून सर्व्हरवर चढविणे मात्र विसरू नये, आणि वनविभागाकडून खातरजमा झाल्याखेरीज काहीही लिहू नये.

बहुतेक थीम रोमन लिपी नजरेसमोर ठेवून रचलेल्या असतात. मथळ्यांतील अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची त्यांची हौस देवनागरीत शिरोरेघ तोडते; ते अंतर शून्य करावे. दोन ओळींतील अंतर वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. संकेतस्थळाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. ज्या टंकात तशी सोय आहे त्यात मग हिंदी वळणाऐवजी, २००९ च्या शासन निर्णयाने मान्य केलेले देठाचे ‘श’ आणि पाकळीचे ‘ल’ उमटतात. शिवाय दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखविणाऱ्या साधनांसही भाषा ओळखता येते. ‘पुढे वाचा’, ‘शोधा’ यांसारखे थीमचे शब्द भाषांतराच्या फाइलीत एकदाच मराठीत लिहावेत.

पानाच्या वजनाकडेही पाहिले पाहिजे. डिंभ्याच्या वरच्या डोंगराळ पट्ट्यात, विशेषतः पावसाळ्यात, दूरध्वनीची जोडणी क्षीण झाली म्हणजे फिरत्या चित्रांचे मुखपृष्ठ उघडतच नाही. दिसण्यास देखणी असली तरी अशी थीम गावाच्या कामाची नव्हे. चित्रे लहान करावीत, टंकाच्या एकदोन फाइली आपल्याच फोल्डरात ठेवाव्यात.

सर्व झाल्यावर जनित्र ‘पब्लिक’ फोल्डरात तयार पाने ठेवते. तीच सर्व्हरवर चढवावयाची. मूळ मजकूर, मांडणी-फाइल व थीम यांची प्रत मात्र ठेकेदाराकडे न राहता ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी, आणि दप्तराचा कार्यभार सोपविताना तिची नोंद यादीत घ्यावी.