कारभारणीची पुंजी आणि पाहुण्याचा प्लॉट

सभासद बंधूंनो, ऊसबिल जमा झाले की पाहुणे दारात येतात. "दाजी, प्लॉट घेतोय, तेवढी नड भागवा." घरची रक्कम पुरत नाही, मग कारभारणीच्या पीपीएफ खात्याला हात लागतो. या खात्यातल्या शिलकेवर कर्जापोटी कोर्टाची जप्ती येत नाही. पैसा बाहेर काढला की हे कवच गेले! शिवाय परत भरायचा म्हटले तरी वर्षाला 1,50,000 रुपयांचीच मर्यादा.

द्यायचेच ठरले, तर नुसत्या वचनचिठ्ठीवर जाऊ नका. मागताक्षणी फेडीच्या चिठ्ठीवर तारखेपासून 3 वर्षांतच दावा लावावा लागतो. तारण असलेल्या प्लॉटवर वसुलीला फेडीची मुदत संपल्यापासून 12 वर्षे मिळतात. पण गहाणखत नोंदवलेले आणि दोन साक्षीदारांच्या सहीचे हवे. त्यात दोघांची नावे घाला. तुमचे किती, कारभारणीचे किती, हे आकड्यात लिहा. नाहीतर वसुलीच्या वेळी तिचा पैसा घरखर्चात विरघळतो, हे नेहमीचेच. रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यातून चेकने द्या. खरेदीखत होईल त्याच दिवशी दुय्यम निबंधकाकडे गहाणखतही उरकून घ्या. पाहुणे रुसले तर रुसू द्यात.