कॉलेजच्या नावाला किती पैसे मोजायचे?

सीईटीचा निकाल लागला की माझ्याकडे येणारा प्रश्न एकच असतो, फक्त कॉलेजांची नावं बदलतात. "मॅडम, ब्याण्णव पर्सेंटाइल आहेत. सीओईपी, व्हीजेटीआय मिळणार नाही. मग पुण्यातल्या अमुक कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट घेऊन टाकू का? नाव आहे म्हणतात त्याचं." इन्स्टिट्यूट लेव्हल म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा. मग आवाज जरा खाली येतो आणि चार वर्षांचा आकडा सांगितला जातो. होस्टेल, मेस धरून तो पंधरा लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी पीएफ काढायची तयारी असते, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायची बोलणी सुरू झालेली असतात.

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. घेऊ नका.

कॉलेजच्या नावाचा उपयोग नेमका कुठे होतो, ते आधी पाहू. कॅम्पस मुलाखतींसाठी कुठल्या कॉलेजात जायचं हे कंपनी ठरवते, तिथे नाव मोजलं जातं. आयआयटी, आयआयएम, एम्स यांच्या नावाला वजन आहे, ते मी नाकारत नाही. महाराष्ट्रात १८५४चं सीओईपी, १८८७चं व्हीजेटीआय, केमिकलसाठी पूर्वीचं यूडीसीटी म्हणजे आजची आयसीटी, सांगलीचं वालचंद या संस्थांच्या नावाला अर्थ आहे. तिथे फी परवडणारी आहे, सोबतची मुलं हुशार आहेत आणि माजी विद्यार्थी जगभर पसरलेले आहेत. अशा ठिकाणी गुणवत्तेवर सीट मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. माझं भांडण आहे ते यांच्या खालच्या पायरीवरच्या, जाहिरातीतून मोठ्या झालेल्या नावांशी. पुणे-मुंबईच्या मुलाखत घेणाऱ्यांना या पायरीवरची वीस कॉलेजं सारखीच वाटतात. फरक जाणवतो तो पालकांना, कारण लग्नसमारंभात "मुलगा कुठे आहे?" या प्रश्नाला उत्तर त्यांना द्यायचं असतं.

कंपनी कॅम्पसवर आली तरी पुढचं काम नाव करत नाही. दहावीपासून साठ टक्के आहेत का, एखादा विषय राहिलाय का, हे आधी बघतात. मग ऑनलाइन ॲप्टिट्यूड चाचणी, कोडिंगचे प्रश्न आणि त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. मुलाखतीत हमखास विचारलं जातं, "तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा." मुलगा पाठ केलेली चार वाक्यं म्हणतो. समोरचा विचारतो, "हाच डेटाबेस का घेतला? एकाच वेळी शंभर जणांनी लॉगिन केलं तर काय होईल?" इथे तयार प्रोजेक्ट विकत घेतलेला मुलगा गप्प होतो. असे प्रोजेक्ट विकणारी दुकानं प्रत्येक कॉलेजगावात आहेत आणि महागड्या कॉलेजांतली मुलंही तिथे रांग लावतात. उलट, जळगावच्या किंवा चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजातला मुलगा स्वतः रात्र जागून केलेलं काम सांगायला लागला, त्यात काय बिघडलं आणि ते कसं दुरुस्त केलं हे सांगायला लागला, की मुलाखतीचा सूरच पालटतो. पहिली नोकरी लागल्यावर बायोडेटाचा क्रमही बदलतो. कामाचा अनुभव वर येतो आणि कॉलेजचं नाव शेवटच्या दोन ओळींत जातं.

अमेरिकेत हा प्रश्न आकडे घेऊन तपासलेला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अभ्यासकांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध त्यातला सगळ्यात गाजलेला. तुलना साधी होती. दोन मुलांना सारख्याच नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. एक तिथे गेला, दुसरा कमी नावाच्या विद्यापीठात. पुढच्या आयुष्यात दोघांच्या सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. ज्या मुलाला मोठं विद्यापीठ घ्यायला तयार होतं, त्याच्यातली हुशारी आणि जिद्द दुसरीकडे गेला म्हणून संपली नाही. २०२३ साली राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने यात एक दुरुस्ती केली. अतिउच्च विद्यापीठांमुळे सरासरी कमाई फार वाढत नसली, तरी अगदी वरच्या एक टक्का कमावणाऱ्यांत जाण्याची शक्यता बरीच वाढते. ही गोष्ट हार्वर्ड-येलसारख्या मूठभर विद्यापीठांची आहे. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला ती लावू नका.

पण डेल-क्रूगर यांच्या निष्कर्षातला एक अपवाद मी प्रत्येक पालकाला सांगते, कारण तो आपल्या घरांना तंतोतंत लागू पडतो. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना नामांकित संस्थेचा खरा फायदा झाला. पुढच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. कारण उघड आहे. बँकेत मॅनेजर असलेल्या बापाचा मुलगा कुठेही शिकला तरी त्याला बायोडेटा कसा लिहावा हे सांगणारा काका असतो, इंटर्नशिप मिळवून देणारी आत्या असते. शेतकऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या मुलीला हे सगळं कॉलेजातूनच मिळवावं लागतं. तिच्यासाठी चांगल्या संस्थेतले सीनियर्स म्हणजेच काका आणि आत्या.

आणि आपल्याकडे होतं नेमकं उलटं. ज्यांना नावाची गरज सगळ्यात कमी, ते नावासाठी लाखो रुपये मोजतात. ज्यांना ती सगळ्यात जास्त, ते मिळालेलं नाव घराजवळच्या कॉलेजसाठी सोडून देतात. नांदेडजवळच्या एका गावातली मुलगी कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळालेली सीट सोडायला निघाली होती, कारण "एवढ्या लांब कशाला पाठवायचं?" तिच्या वडिलांना मी स्पष्ट सांगितलं की लांब पाठवणं हीच तिच्यासाठी तुम्हाला करता येण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट आहे. शिवाय पैशाचा हिशेब त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. २०२४-२५पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. मुख्य अट अशी की प्रवेश कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीकृत प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, इन्स्टिट्यूट लेव्हल किंवा खासगी विद्यापीठ घेतलंत की ही सवलत गेली. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचं तसंच. नावासाठी जादा पैसे मोजणारं कुटुंब अशा तऱ्हेने दोनदा पैसे मोजतं.

आता पदवीच्या प्रकाराबद्दल. बी.ई. आणि बी.टेक. यांत काडीचा फरक नाही, हा प्रश्न कृपा करून विचारू नका. ज्या व्यवसायांना कायद्याने परवाना लागतो तिथे मात्र पदवी हाच दरवाजा आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांची पदवी संबंधित परिषदेने मान्य केलेली असायलाच हवी. १९७२च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःच्या नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. सीएच्या बाबतीत चित्र अगदी वेगळं. बारावीनंतर फाउंडेशनला बसता येतं आणि पास झाल्यावर कुठल्या कॉलेजचे हे कुणी विचारत नाही. एमपीएससी राज्यसेवा आणि यूपीएससी नागरी सेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. आयटी कंपन्या बीएस्सी आणि बीसीएवाल्यांनाही घेतात. शाखेच्या फॅन्सी नावांपासून मात्र सावध राहा. सरकारी भरतीच्या जाहिरातीत शाखांची नावं लिहिलेली असतात. तुमच्या पदवीवर चार शब्द जास्त असतील तर ती समकक्ष आहे हे सिद्ध करण्यात तुमचेच महिने जातात.

एक गोष्ट मला रागाने लिहायची आहे. ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवशी लॉगिन वडिलांच्या मोबाइलवर असतं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. मुलगी आतल्या खोलीत असते आणि बाहेर वडील, मामा आणि शेजारचे कॉम्प्युटर इंजिनिअर मिळून पसंतीक्रम लावतात. मुलीला सिव्हिल हवं असतं. तिला पूल आवडतात, कोयना धरण बघून आल्यापासून ती त्याबद्दलच बोलते आहे. यादीत पहिल्या बारा ओळींत कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स. सबमिट झाल्यावर तिला प्रिंट दाखवली जाते. पुढे दुसऱ्या वर्षाला तीन विषय राहिले की हेच वडील माझ्याकडे येऊन विचारतात, "हिचं अभ्यासात लक्ष का नाही?" त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तो फॉर्म तिचा होता. अठराव्या वर्षी मुलीला मतदान करता येतं आणि स्वतःच्या शाखेचा क्रम लावता येत नाही, हे मला मान्य नाही.

दहावीच्या मुलांच्या पालकांनी इथून पुढचं नीट वाचावं. सगळ्यात उपेक्षित आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा रस्ता पॉलिटेक्निकचा आहे. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे कमी मार्कांची सोय असं धरून चालतात आणि पंच्याऐंशी टक्क्यांचा मुलगा डिप्लोमाला जातो म्हटलं की नातेवाईक सांत्वनाला येतात. हिशेब करून बघा. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, एकूण सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच. एक वर्षही वाया जात नाही. वाचते ती इंटिग्रेटेड क्लासची दोन वर्षांची फी, जी सरकारी पॉलिटेक्निकच्या तिन्ही वर्षांच्या फीपेक्षा कितीतरी जास्त असते. थेट दुसऱ्या वर्षाची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते, सीईटी द्यावी लागत नाही. एका दिवसाच्या परीक्षेत ज्या मुलाचे हातपाय गळतात, त्याला तीन वर्षांच्या सलग मेहनतीवर सीओईपी किंवा व्हीजेटीआयचं दार उघडतं. यादी वरच बंद होते, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरपासून अभ्यास लागतो.

आणि शिकणं कसं असतं ते पाहा. सोळाव्या वर्षी मुलगा फिटिंग शॉपमध्ये उभा असतो. हातात फाइल, समोर व्हाइसमध्ये पकडलेला माइल्ड स्टीलचा तुकडा. घासायचं, काटकोन्या लावून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की पुन्हा घासायचं, व्हर्नियर कॅलिपरने माप घ्यायचं. माप चुकलं तर जॉब नव्याने करायचा. अकरावी-बारावीला गेलेला त्याचा मित्र त्या वेळी एमसीक्यूचे पर्याय खोडत असतो. पुढे चाकण, वाळूज, बुटीबोरी किंवा नाशिकच्या अंबडमध्ये मशीनसमोर उभं राहायची वेळ येते तेव्हा या दोघांतला फरक सुपरवायझरला पहिल्या आठवड्यात दिसतो. घरची परिस्थिती बिघडली तर डिप्लोमावाला एकोणिसाव्या वर्षी कमावू शकतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदासाठी तो अर्ज करू शकतो. बारावी पास मुलाच्या हातात तेव्हा फक्त गुणपत्रिका असते.

अडचणीही सांगते. जेईईतून आयआयटी किंवा नीटमधून मेडिकल हे मुलाचं स्वतःचं स्वप्न असेल तर या रस्त्याला येऊ नका. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना गणित जड जातं, कारण पदवीचं पहिलं वर्ष त्यांनी केलेलं नसतं. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणित बसून करावंच लागतं. ग्रामीण भागातल्या काही खासगी पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉपला कुलूप असतं आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात. तिथे तीन वर्षं फुकट जातील.

त्यामुळे कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत बसू नका. दुपारी दोनच्या सुमाराला थेट वर्कशॉपकडे जा. लेथ चालू आहे का, त्यावर मुलं उभी आहेत का, खाली ताजा बर पडलाय का, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा की या आठवड्यात प्रात्यक्षिकं किती झाली आणि गणिताचे सर किती महिने टिकले. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, गेल्या परीक्षेत कोणत्या विषयात किती मुलं राहिली तेही विचारा. दहावीच्या गुणांवर होणारी ही प्रवेशप्रक्रिया निकालानंतर लगेच सुरू होते आणि पहिल्या फेरीतच सरकारी पॉलिटेक्निकच्या चांगल्या शाखा भरून जातात. अकरावीच्या यादीची वाट बघत बसू नका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाच्या आधीच काढून ठेवा. सेतू केंद्रावर जूनमध्ये रांगा लागतात आणि एका दाखल्यापायी हातची सीट गेलेली मुलं मी दरवर्षी बघते.