मांजर जेवत का नाही?

(घरात नव्याने आणलेले मांजर पुष्कळदा ताटलीला तोंड लावत नाही. ते खरोखर नखरे करते का? अशा वेळी आपण काय करावे? याची माहिती या पाठात दिली आहे.)



'नखरा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. मराठीत आपण म्हणतो, "मुलगा जेवताना फार नखरे करतो." घरातल्या नव्या मांजराबद्दलही आपण असेच बोलतो. पण मांजराच्या बाबतीत हा शब्द जरा जपून वापरायला हवा. का, ते आता पाहू.

समजा, तुम्ही भोरला राहता. भोर हे गाव नीरा नदीच्या काठी आहे. तुमच्या खाला वेल्ह्याजवळच्या एका वाडीत राहतात. वेल्हे हे गाव तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. भोर आणि वेल्हे हा डोंगराळ आणि भरपूर पावसाचा मुलूख. म्हणून येथे भाताचे पीक मोठे. दिवाळीच्या सुमारास भात कापला जातो. पुढे तो झोडून, वाळवून कणगीत भरतात. धान्य आले की उंदीर येतात, आणि उंदीर आले की मांजर हवेच. म्हणून इथल्या वाड्यावस्त्यांवर बहुतेक घरी मांजर असते.

सुटीत तुम्ही खालांकडे गेलात. त्यांच्या घरची एक वर्षाची मांजरी तुम्हांला फार आवडली. खाला म्हणाल्या, "घेऊन जा बेटा, पण तिला उपाशी ठेवू नकोस हं!" तुम्ही तिला भोरला आणले. अम्मींनी ताटलीत दूधभात ठेवला. मांजरीने तो हुंगला आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. दादी म्हणाल्या, "वेल्ह्याला तर दूधभात खात होती म्हणे. इथे आल्यावर नखरे सुरू झाले!"

हे नखरे आहेत का? मांजर जेवत नाही याची मुख्य कारणे तीन : भीती, न मानवणारे अन्न आणि आजार.

पहिले कारण भीती. मांजराला जागा बदललेली आवडत नाही. त्याला घर ओळखू येते ते वासाने. नव्या घरात एकही वास ओळखीचा नसतो. त्यातून मुले त्याला सारखी उचलतात, शेजारचे पाहायला येतात. घाबरलेल्या मांजराला भूक लागत नाही. म्हणून पहिले काही दिवस त्याला एका शांत खोलीत ठेवा. लपायला एक खोके द्या. जुन्या घरातून त्याच्या अंथरुणाचा एखादा कपडा आणला तर फारच चांगले. जेवणाची ताटली कोपऱ्यात ठेवा आणि तेथून दूर व्हा. पुष्कळ मांजरे रात्री सगळे झोपल्यावर जेवतात. म्हणून सकाळी उठल्याबरोबर ताटली पाहा. त्याची मातीची पेटी मात्र ताटलीपासून लांब ठेवा. घाणीशेजारी मांजर जेवत नाही.

दुसरे कारण अन्न. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वेल्ह्याच्या घरी ती मांजरी दूधभात खात होती, हे खरे. पण ती फक्त दूधभात खात नव्हती. दिवसभरात ती कणगीजवळचे उंदीर, भातखाचरातली उंदरांची पिल्ले, पाली, टोळ असे कितीतरी खात होती. तिचे खरे जेवण तेच होते. दूधभात वरचा! भोरच्या बंद घरात उंदीर नाहीत. आता ताटलीत जे असेल तेवढेच तिचे जेवण.

'मांजर डोळे मिटून दूध पिते' ही म्हण आपण ऐकतो. त्यामुळे दूध हेच मांजराचे अन्न, असे आपल्याला वाटते. वास्तविक मोठेपणी बहुतेक मांजरांची दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होते. जास्त दूध प्यायले तर त्यांना जुलाब होतात.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला 'टॉरिन' नावाचे द्रव्य अन्नातून मिळावे लागते. हे द्रव्य मांस व मासे यांत असते. भातात किंवा भाकरीत नसते. टॉरिन न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. त्याचे हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सिद्ध केले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही! म्हणजे दूधभातात साखर घालून काही उपयोग नाही.

मग मांजराला काय द्यावे? बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे मांस द्या. मांस शिजवलेले पाणीही त्यावर घाला, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते. काटे काढलेला उकडलेला मासा किंवा उकडलेले अंडे अधूनमधून द्या. सुके मासे खारट असतात, म्हणून ते पुष्कळ वेळ पाण्यात भिजवून, धुऊन थोडेसेच द्या. सोबत थोडा भात चालतो. परवडत असेल तर मांजराचे तयार खाद्यही मिळते. त्यात टॉरिन घातलेले असते.

पण घरातले सालन मांजराला देऊ नका. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजवलेली हाडेही देऊ नका. ती फुटतात आणि त्यांची टोके घशात रुततात.

जेवण देण्याचीही एक रीत आहे. मांजर जिभेपेक्षा नाकावर अधिक विश्वास ठेवते. थंड अन्नाला वास कमी येतो, म्हणून अन्न कोमट करून द्या. खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या. उंदीर हे लहानसे भक्ष्य असते. त्यामुळे मांजराला एकदम पोटभर खाण्याची सवय नसते. दिवसातून तीनचार वेळा थोडे थोडे द्या. वेळा ठरवून घ्या. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर ताटली उचला आणि पुढच्या वेळी ताजे अन्न द्या. पाण्याचे भांडे मात्र सतत भरलेले असू द्या.

नवे अन्न एकदम सुरू करू नका. ज्याची सवय आहे त्यात नवे अन्न थोडे मिसळा आणि आठ-दहा दिवसांत त्याचे प्रमाण वाढवत न्या. सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. आणखी एक चूक टाळा. मांजराने आज मासा खाल्ला नाही म्हणून लगेच अंडे, अंडे नको म्हणून लगेच कोंबडी, असे करू नका. 'नको म्हटले की याहून चांगले मिळते,' हे मांजर चटकन शिकते. मग मात्र ते खरोखर नखरे करू लागते, आणि ते आपणच शिकवलेले असतात.

आता तिसरे कारण. ते सर्वांत महत्त्वाचे आहे. "भूक लागली की खाईल आपोआप," असे मोठी माणसे म्हणतात. कुत्र्याच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे ठरते. मांजराच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. मांजर काही दिवस उपाशी राहिले की त्याच्या अंगातली चरबी यकृतात साठू लागते. यकृत काम करीनासे होते आणि मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. म्हणून मांजराला उपाशी ठेवून त्याची खोड मोडण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर सावध व्हा. दुसरा दिवसही तसाच गेला तर त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. लहान पिल्लू असेल तर एक दिवसही थांबू नका. उलट्या, जुलाब, लाळ गळणे, नाक वाहणे, तोंडाला दुर्गंधी येणे ही आजाराची लक्षणे आहेत. सर्दीने नाक चोंदले तरी मांजर जेवत नाही, कारण त्याला अन्नाचा वास येत नाही. खेड्यातून आणलेल्या मांजराने विष खाल्लेला उंदीर खाल्लेला असू शकतो. तशी शंका आली तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. माणसाचे कोणतेही औषध मांजराला देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

दवाखान्यात गेल्यावर रेबीजच्या लसीबद्दल आणि जंतांच्या औषधाबद्दलही विचारा. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. घरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मित्रांनो, मांजराला बोलता येत नाही. 'मला भीती वाटते', 'हे मला मानवत नाही', 'माझे तोंड दुखते' या तिन्ही गोष्टी ते एकाच रीतीने सांगते : ताटलीपासून तोंड फिरवून. म्हणून एका वहीत रोज लिहून ठेवा. मांजराने काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले? ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांचे अर्धे काम सोपे होईल.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
वाडी – लहान वस्ती
कणगी – धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली
भातखाचर – बांध घातलेले भाताचे शेत
हुंगणे – वास घेणे
भक्ष्य – शिकार करून खाण्याचा प्राणी
यकृत – काळीज, कलेजी
दगावणे – मरणे

वाक्प्रचार

तोंड न लावणे – मुळीच न खाणे
अंगवळणी पडणे – सवय होणे
खोड मोडणे – वाईट सवय घालवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेल्हे गाव कोणत्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे?
(आ) मांजराला कोणती चव कळत नाही?
(इ) टॉरिन कोणत्या पदार्थांत असते?

२. कारणे लिहा.
(अ) मांजराला अन्न कोमट करून द्यावे.
(आ) मांजराला घरातले सालन देऊ नये.
(इ) मांजराला उपाशी ठेवून त्याची खोड मोडू नये.

३. 'वेल्ह्याला दूधभात खाणारी मांजरी भोरला आल्यावर तो खात नाही.' यामागे कोणकोणती कारणे असू शकतील? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. वरील वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

५. 'नखरा' हा शब्द मराठीत व उर्दूत सारखाच आहे. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.