भट्टीला दार असतं, उन्हाला नसतं

बाळा, ऐन एप्रिलअखेर तू रसमड़ाला रुजू होतोयस. पुण्यातल्या उन्हाच्या बढाया गाडीतच ठेवून उतर. दुर्गहून राजनांदगावकडे निघालं की हे स्टेशन लागतं. भोवती लोखंडाचे कारखाने आहेत, नि मे महिन्यात बाहेरचं ऊन आणि आतली धग एकदमच अंगावर येते. माझी उभी नोकरी याच पट्ट्यात, भट्टीजवळ गेली. करायच्या त्या सगळ्या चुका मी करून ठेवल्या आहेत, तुला नव्यानं करायला नकोत.

1. सकाळी चहा उकळेपर्यंत हवामान खात्याचा रंग बघून घे. पिवळा असेल तर लक्ष ठेव, केशरी असेल तर तयारीत राहा, लाल असेल तर दिवसाचा बेत बदल — दुपारी बारा वाजता रंग बघून काय उपयोग, तोवर तू उन्हात पोचलेला असतोस.

2. मैदानी भागात पारा निदान 40 अंश आणि नेहमीपेक्षा 4.5 अंश वर गेला, किंवा सरळ 45 ला टेकला, की खातं उष्णतेची लाट म्हणतं. मे महिन्यात इथं 42 अंशांचं कौतुक कुणालाच नसतं, म्हणून इशारा नसलेल्या दिवशीही डोक्यावर गमछा हवाच — इशारा ‘नेहमीपेक्षा किती जास्त’ ते सांगतो, तुझ्या अंगाला मात्र सगळंच ऊन लागतं.

3. बातमीतला आकडा सावलीतला असतो, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेला. पत्र्याच्या छपराखाली त्यात तूच भर घाल.

4. रात्रीचा आकडाही बघत जा — रात्र तापलेली राहिली तर शरीराचं कालचं देणं फिटत नाही, आणि माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतो.

5. पहिले दहा-बारा दिवस जोर दाखवू नकोस, काम थोडं थोडं वाढव. अंगाला उन्हाची सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात — तगडी पोरंच पहिल्या आठवड्यात आडवी होतात, कारण थांबायची त्यांना लाज वाटते.

6. धगीजवळ असशील तर दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पी. तहान ही उशिरा येणारी पाहुणी, तिच्यासाठी खोळंबू नये. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समज.

7. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घाल, अंदाजपंचे नको — मीठ जास्त झालं तर औषधाचं दुखणं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, तुझ्या आईनंसुद्धा.

8. बोरे-बासीला नाक मुरडू नकोस. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी मीठ, कांदा, चटणी घेऊन खायचा. 2022 च्या कामगार दिनी इथल्या सरकारनं सगळ्यांना बासी खायची हाक दिली होती, शेतकरी तर पिढ्यान्‌पिढ्या तीच खाऊन उन्हात उतरतोय — पोटात पाणीही जातं नि अन्नही. आई खिशात कांदा देईल. घे, तिचं मन राहू दे, पण तो बासीबरोबर खा. खिशातला कांदा ऊन अडवत नाही.

9. कूलर खिडकीत लाव आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेव — ओली हवा बाहेर पडली नाही तर खोलीची न्हाणी होते. जूनमध्ये ढग आले की कूलर हात टेकतो, घामही वाळत नाही. पारा उतरलेला दिसला तरी ते दिवस जपायचे.

10. हे नीट वाच. आमचा एक सोबती दुपारी असंबद्ध बोलायला लागला, कुलपाला चावी उलटी लावत राहिला. आम्ही हसलो. पाच मिनिटांत तो पडला. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. कुणीतरी बादल्या ओतल्या, गमछानं वारा घातला, म्हणून तो वाचला. ते हसू मला अजून आठवतं. उन्हात माणूस भलतंच बोलला किंवा झोकांड्या खायला लागला, तर 108 ला फोन कर आणि गाडी येईपर्यंत थांबू नकोस. सावलीत ने, कपडे सैल कर, अंगावर पाणी ओत, वारा घाल, मानेला, काखेत, जांघेत गार फडकी ठेव — मेंदू तापलेला असताना मिनिटं मोजकी असतात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून श्वास अडकतो.

11. घाम आटला म्हणून बरं वाटतंय असं समजू नकोस, आणि घाम येतोय म्हणून निर्धास्तही राहू नकोस — भट्टीवर राबणाऱ्याला घामाघूम असतानाही ऊन लागतं.

12. 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो, नऊ दिवसांचा. तेवढ्यात खोली बदलणं, बाजारहाट, मित्राच्या गावी जाणं काही काढू नकोस.

आणि दुपारी उतरणारी गाडी घेऊ नकोस. पहाटे दुर्गला पोचणारी बघ. मी फाटकाशी उभा असेन, पाण्याची सुरई घेऊन.